उसण कुठं जिरते

माघ सरत आला आणि शिवारातली ज्वारी वाळून खडखडीत झाली. त्यातच आभाळ यायला लागलं. दिवसभर ऊन, आणि दुपार कलली की तुळजापूरच्या अंगाने काळे ढग. अशा वेळी ज्वारी उभी ठेवून कुणाला झोप लागायची? जळकोटच्या रानात ज्याला त्याला आजच काढणी हवी होती, आणि मजूर म्हणाल तर औषधालाही मिळत नव्हते. म्हणून बायकांनी सावड केली होती. आज हिचं रान, उद्या तिचं. पैशाचा संबंध नाही. तू माझ्यात राब, मी तुझ्यात राबते.

सत्यभामाच्या सावडीत तिची जाऊ दीपमाला, शेजारच्या रानातली चन्नम्मा आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्यात आधी सत्यभामाचंच रान उरकलं होतं, आणि तीच आता अडचण झाली होती. बाकीच्यांच्यात जाऊन राबणं आलं, आणि कमरेनं दगा दिला होता.

दगा काही आजचा नव्हता. दोन वर्षांमागं सोलापुरात तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतरचे काही महिने बरे गेले. मग जे सुरू झालं ते वेगळंच होतं. खाली बसलं की कमरेपासून पायापर्यंत आग पडायची. मधेच डाव्या मांडीवरून गार पाण्याची धार वाहायची. ती घाबरून लुगडं चाचपायची, तर लुगडं कोरडं. पोटरीवर मुंग्या चढायच्या. झटकायला जावं तर एक मुंगी नाही. उभं राहिलं की जरा निभायचं, म्हणून ती जेवायचीसुद्धा उभ्यानं. दीपमाला ते बघायची आणि म्हणायची, "बुफेला आल्यावाणी काय उभी ऱ्हाऊन जेवायलीस गं?" त्यावर घरातले हसायचे. सत्यभामाही हसायची.

तिचा नवरा बलभीम वाईट माणूस नव्हता. पण त्याला एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करायचा कंटाळा होता. तो म्हणायचा, "आपरेशन झालं. फोटु काढला, फोटु चांगला आला. आता काय ऱ्हायलंय?" मुलगा कुलदीप पुण्याकडे कंपनीत होता. तो फोनवर विचारायचा, "आई, गोळ्या घेतीस का?" ती म्हणायची, "घेती की." एवढ्यावर बोलणं संपायचं.

खरं तर तिला औषधाच्याही आधी एक माणूस हवं होतं. नुसतं समोर बसून "व्हय, दुखत आसल" म्हणणारं. गावभर नात्यागोत्याची माणसं असून तेवढं एक माणूस तिला मिळत नव्हतं.

डॉक्टरांनाही ती फक्त "कंबर दुखायलीय" एवढंच सांगायची. पाण्याची धार, मुंग्या, यातलं अवाक्षर काढायची नाही. त्याला कारण होतं.

सत्यभामा पायाळू होती. आईच्या पोटातून पायांनी आधी आलेली. कुणाच्या कमरेत उसण भरली, चमक बसली, की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. सत्यभामाला बोलता यायच्या आधीपासून लोक तिला उचलून न्यायचे आणि आपल्या पाठीवर उभी करायचे. सासरी आली तरी तेच. एरवी तिच्या भाकरीत खोट काढणारा सासरा उसण भरली की अंगणात पालथा पडायचा आणि म्हणायचा, "सूनबाई, जरा जोरात." मिशीवाले बापई, गावाला कोर्ट दाखवणारे भांडखोर, सगळे तिच्या पायाखाली मुकाट पडायचे. हा मान तिला फार आवडायचा. का आवडू नये? बाईच्या जातीला दुसरा कुठला मान सहज मिळतो?

पण लहानपणी आजीनं तिला बजावलं होतं. "पायाळूच्या पायातनं लोकांची उसण त्याच्या अंगात येती, बाळे. आन तिथं जिरून जाती. ज्याला जिरत न्हाय, त्याचा पाय खोटा." सत्यभामानं हे मनात धरलं होतं. आता अंगात ही आग, ही धार, या मुंग्या. म्हणजे इतक्या वर्षांच्या उसणी आत साठून राहिल्या, आपल्याला जिरवता आल्या नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. हे डॉक्टरला कसं सांगायचं? आणि गावाला तर कसं सांगायचं? म्हणून ती दात आवळून गप्प होती.

चन्नम्माच्या रानात काढणी होती त्या दिवशी ती गेली. गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरली. ज्वारीचं धाट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेत वाकायचं आणि मुळासकट उपसायचं. माती झाडायची, पुढचं धरायचं. चांगल्या कमरेची बाई दुपारपर्यंत मोडकळीला येते. सत्यभामाची पात मागं पडत गेली. बाकीच्या बांधापर्यंत पोचल्या तरी ती मधेच.

"आगं, आमी तुज्या रानात आशी काढली व्हती का ज्वारी?" दीपमाला बांधावरून ओरडली.

"आले की," सत्यभामा म्हणाली आणि एकदम जोर लावून दोनचार धाटं उपसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागून कुणीतरी हसलं, ते तिनं ऐकलं.

दुपारच्या भाकरीनंतर चन्नम्माच्याच कमरेत उसण भरली. पेंढी उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. चन्नम्मा वयानं सगळ्यांत थोर, लिंगायताची बाई, माहेर सीमेपलीकडचं. घाबरली की निम्मं कानडी बोलायची. "अय्यय्यो! सत्यभामा, ये गं यव्वा, पाय लाव लवकर!" असं म्हणत ती पेंढ्यांवर पालथी झाली.

सत्यभामानं चप्पल काढली आणि डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला. आजवर तिला पाठ तळव्यानंच कळायची. मऊ, हाडकुळी, घामेजलेली, तापलेली. त्या दिवशी काहीच कळेना. आपण माणसावर पाय ठेवलाय की मातीवर, हेही कळेना. कळावं म्हणून तिनं जोर दिला. आणखी दिला. चन्नम्मानं किंकाळी फोडली.

बायका धावल्या. चन्नम्माच्या पाठीवर लांब ओरखडा, त्यातून रक्त. दीपमालानं सत्यभामाचा पाय धरून उलटा केला. टाचेत बाभळीचा काटा होता. चपलेतून आत घुसलेला, टोक मोडून तिरकं बाहेर आलेलं. सकाळपासून त्याच पायानं ती रान तुडवत होती. दीपमालानं तो उपसून काढला, तरी सत्यभामाच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

"येवडा काटा आन तुला कळलं न्हाय?"

"न्हाय."

"काटा घिऊन माझ्या पाटीवर हुबारलीस?" चन्नम्मा रडत म्हणाली. "म्या काय वाईट केलं गं तुजं?"

सत्यभामानं चप्पल हातात घेतली आणि तशीच लंगडत घरी आली. पाठीमागं बायकांची कुजबुज चालू होती. पाय खोटा झाला, असंच त्या म्हणत असणार, हे तिला न ऐकताही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वाटणीची पात धरायला बलभीम गेला. बायकांच्या ओळीत एकटा बापई. "भावजी, आळा आवळून बांधा, पेंढी सुटंल," म्हणून दीपमालानं त्याची यथेच्छ फिरकी घेतली. संध्याकाळी तो घरी आला, हातापायावर पाणी घेतलं आणि सत्यभामाशी एक शब्द न बोलता जेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सकाळी दारात चन्नम्मा उभी. हातात फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आता ही अंगणात भांडणार, असंच सत्यभामानं धरलं. पण चन्नम्मा उंबऱ्यात टेकली आणि हळूच म्हणाली, "माजी उसण गेली गं."

"गेली?"

"त्याच दिशी सांजच्याला गेली. काटा तर काटा, पर उसण ऱ्हायली न्हाय. मग म्या रातभर इच्यार केला. गेली ती कुठं गेली? तुज्यात आली न्हवं?"

सत्यभामा भिंतीला टेकून उभी होती. इतके दिवस दाबून धरलेलं तिला तिथं आवरलं नाही. आग सांगितली, धार सांगितली, मुंग्या सांगितल्या. रात्री कूस बदलताना जीव कसा जातो ते सांगितलं. तळवा मेल्यासारखा झालाय, तेही सांगितलं. चन्नम्मानं मधे एकदाही "आगं, सगळ्यांचीच कंबर दुखती" असं म्हटलं नाही. सगळं ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

"व्हय गं यव्वा. दुखत आसल. किती जणांचं घेतलीस तू अंगावर. माजंच किती येळा घेतलीस."

ते शब्द कानावर पडले आणि सत्यभामाला रडू फुटलं. असं रडू तिला ऑपरेशनलाही आलं नव्हतं. खोटं कशाला बोला, त्या रडण्यात सुखच जास्त होतं.

तेव्हापासून चन्नम्मा रोज यायला लागली. हंडा भरून द्यायची, म्हशीपुढं वैरण टाकायची, सत्यभामाची पोटरी तेल लावून चोळायची. सत्यभामा उभ्यानं जेवायची म्हणून तीही ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायची. दोघी चुलीपाशी उभ्या राहून जेवताना बलभीमनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सत्यभामाची आग तसूभर कमी झाली नव्हती, पण दिवस हलका जायला लागला होता.

इकडे टाच सुजली. काट्याच्या जागी पू धरला, तेव्हा बलभीमनं तिला गाडीवर कसंबसं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. जखम धुताना त्यांनी विचारलं, "मावशी, दुखत नाही?"

"न्हाय की."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. मी पायाला सुई टोचते. कुठं टोचलं ते सांगा."

सत्यभामानं डोळे मिटले. वाट बघितली. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा म्हणाली, "टोचा की आता."

डॉक्टरीणबाईंचं टोचून झालं होतं. बलभीम शेजारी उभा होता, त्यानं ते डोळ्यांनी बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग ऑपरेशन कधी झालं, कसं झालं, हे सगळं विचारून बाईंनी सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. "हे नुसतं कंबर दुखणं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

सोलापुरात एमआरआय काढायचा तर गळ्यातलं, हातातलं सगळं उतरवावं लागतं. सत्यभामाचं मंगळसूत्र आणि जोडवी बलभीमनं रुमालात बांधून खिशात घातली आणि तो बाहेर बाकावर बसला. तिला एका नळकांड्यात पाठीवर निजवून आत सरकवलं. हलायचं नाही, असं सांगितलं होतं. पाठीवर पडलं की तिला आगीवर ठेवल्यासारखं व्हायचं, आणि वर ते यंत्र कानाशी ठोक्यावर ठोके घालत होतं. चन्नम्मा इथं असती तर तिनं बाहेरून का होईना हाक मारली असती, असं तिच्या मनात आलं. पण तिथं हाक ऐकू येत नव्हती.

मोठे डॉक्टर वयस्क होते, बोलायला सावकाश. त्यांनी काळा फोटो दिव्यावर लावला. "हा तुमचा कणा. याच्या आत एक पाण्यानं भरलेली पिशवी असते. त्या पाण्यात नसा मोकळ्या तरंगत असतात. तुमच्या पिशवीच्या आतलं अस्तर सुजलंय. आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं सुजलंय. त्यामुळं नसा एकमेकींना चिकटल्यात, काही कडेला चिकटल्यात." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅरॅक्नॉइडायटिस. बलभीमनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि नाद सोडला.

"सोडवून देता येत न्हाईत का नसा?" त्यानं विचारलं.

"सोडवायला गेलं की आणखी चिकटतात." डॉक्टर सत्यभामाकडे वळले. "मांडीवरून पाणी वाहिल्यासारखं होतं का तुम्हाला? आणि बघितलं तर कोरडं?"

सत्यभामाचा हात आपोआप लुगड्याकडे गेला.

"मुंग्या फिरल्यासारखं? बसलं की आग, उभं राहिलं की जरा कमी?"

"व्हय."

"जेवता कशा? उभ्यानं?"

"व्हय," सत्यभामा म्हणाली. बलभीमनं मान खाली घातली ती वर केली नाही.

"हे सगळं आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"न्हाय सांगितलं." मग इतकं झालंच आहे तर आणखी काय लपवायचं, म्हणून तिनं उसणीचंही सांगून टाकलं. पायाळूचं, आजीचं, साठून राहिल्याचं. डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मावशी, पाय लावल्यानं कुणाचं दुखणं दुसऱ्यात जात नाही," ते म्हणाले. "हे ऑपरेशननंतर झालं असावं. कधी ऑपरेशननं होतं, कधी कण्यात दिलेल्या सुईनं होतं, कधी कशानं झालं ते कळतही नाही. कुणाची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही. यानं जीव जाणार नाही. पण हे पूर्ण बरंही होणार नाही. गोळ्यांनी आग कमी करू. रोज थोडं चाला. पायाला चप्पल कायम, आणि तळवा रोज डोळ्यांनी बघायचा. लघवीला त्रास झाला तर त्याच दिवशी यायचं."

आजाराला नाव मिळालं, फोटो मिळाला, नवऱ्यालाही पटलं. इतके दिवस जे हवं होतं ते सगळं तिच्या हातात आलं होतं. तरी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला आपलं काहीतरी आत राहून गेल्यासारखं वाटलं. इतके दिवस निदान ती साऱ्या गावाचं दुखणं वागवत होती. आता ते निव्वळ तिचं एकटीचं होतं.

परतीच्या एसटीत जागा होती, पण ती उभीच राहिली. बलभीमही तिच्याशेजारी दांडी धरून उभा राहिला. इटकळपर्यंत तो उभा होता. मग त्याचे पाय भरून आले, तो बसला, आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नम्मा आली. डोक्यावर भरलेला हंडा, एक हात कमरेवर. हंडा उतरवताना तिच्या तोंडून "यव्वा गं" असं निघालं.

"चन्नम्माक्का, तुमची कंबर दुखायलीय का?"

"दुखू दे." चन्नम्मा खाली टेकली. तिचे डोळे सुजलेले होते. "म्या गादी सोडलेय. खाली भुईवर निजायलेय. म्हादेवाला बोललेय, माजं जेवडं तिच्यात गेलंय तेवडं मला परत घाल. तुला बघवंना गं मला. भाकरी गळ्याखाली उतरंना. डागदर काय म्हणला?"

चुलीवर चहा उकळत होता. सत्यभामाला ठाऊक होतं, "व्हय, समद्यांच्या उसणी हायत," एवढं म्हटलं की काम भागेल. चन्नम्मा उद्या येईल, परवा येईल, जन्मभर येईल. कानडीत देवाला विनवील, तेल चोळील, उभ्यानं जेवील. गावात दुसऱ्या कुणाला काय कळणार होतं? बलभीमला तर आजाराचं नावही घेता येत नव्हतं.

पण समोर ती म्हातारी व्हायला आलेली बाई कमरेवर हात दाबून बसली होती, आणि स्वतःच्या अंगात आग मागत होती.

"उसणीचं न्हाय अक्का," सत्यभामा म्हणाली.

"न्हाय?"

"न्हाय. डागदरनी फोटुत दावलं. आतलं अस्तर सुजलंय, त्यानं नसा चिकटल्यात. आपरेशननंतरचं हाय. पाय लावल्यानं कुणाचं कुणात जात न्हाय."

"मग माजं काय न्हाय त्यात?"

"तुमचं काय न्हाय. कुणाचंच काय न्हाय. माजं मलाच झालंय."

चन्नम्मानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "शिवा, शिवा." तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की सत्यभामाला तो उतरताना दिसला. मग ती रडली, मग हसली. चहा घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला. बऱ्याच दिवसांत तिला चहाची चव लागली असावी. दीपमालाची काढणी कशी रेंगाळली, कुणाच्या कणसांना कसं बुरशीनं धरलं, असं भरभरून बोलली. बोलता बोलता तिला आठवलं की घरी म्हैस पिळायची राहिलीय, सुनेच्या हाताला ती म्हैस पान्हा सोडत नाही.

"येते गं. जीव भांड्यात पडला माजा. तू गोळ्या घे येळच्या येळेला."

"घेती की," सत्यभामा म्हणाली.

ती गेली. पाठीनं ताठ चालत गेली. तिची ताठ पाठ बघून सत्यभामाला मनापासून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी घर एकदम रिकामंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

दुसऱ्या दिवशी चन्नम्मा आली नाही. तिचं खळं चालू होतं, कसं येणार? त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सत्यभामानं हंडा अर्धा अर्धा करून भरला. तळवा उलटा करून बघितला, चप्पल घातली आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून रस्त्याच्या कडेनं चालायला निघाली. मांडीवरून गार धार वाहत होती. ती आता लुगडं चाचपत नव्हती.

समोरून कडब्याचा ट्रॅक्टर आला. वर पेंढ्यांवर सावडीतल्या बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात चन्नम्मा. कसल्यातरी गोष्टीवर सगळ्या खदखदून हसत होत्या. चन्नम्मानं तिला बघितलं, हात वर केला.

"सत्यभामा, बरी हाईस न्हवं गं?"

ट्रॅक्टर थांबला नव्हता. सत्यभामा कडेला सरली आणि आवाज वर पोचावा म्हणून मोठ्यानं म्हणाली, "बरी हाय की अक्का!"